सायलोतले ठोके

किल्ली खिशात असूनही अप्पा रोज संध्याकाळी दार वाजवत. दोन ठोके लागोपाठ, मग जरा थांबून एक. लेक आतून म्हणायची, "किल्ली काय शोभेला आहे का?" आणि अप्पा बाहेरून म्हणायचे, "किल्लीनं दार उघडतं. आत कोण आहे ते वाजवल्याशिवाय कळत नाही."

त्या संध्याकाळीही तेच झालं. दार उघडलं तेव्हा अप्पा उंबऱ्याबाहेर उभे राहून अंगावरची पांढरी भुकटी झटकत होते. केस, मिशा, पापण्या, सगळं पांढरं.

"बाहेरच झटका हो, आत्ताच पुसलंय," आई ओरडली.

"बाहेरच आहे मी. अजून आत घेतलंय कुठं कुणी."

भिंतींना रंगाआधी लावायची पुट्टी बनवणाऱ्या कारखान्यात ते सायलो सांभाळत. सायलो म्हणजे संगमरवराची भुकटी साठवायची उंच पोलादी टाकी. वर झाकण, खाली निमुळतं होत गेलेलं तोंड आणि तोंडाशी झडप. भुकटी आत कुठवर आहे, कुठे अडली आहे, हे अप्पा बाहेरून लाकडी हातोडा मारून ओळखत. ती सवय घरातही सुटली नव्हती. पिठाचा डबा वाजवायचे, गॅसचं सिलिंडर वाजवायचे. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर बोटं ठोकून पाहिली, तर हे विचारतात, "कुठवर भरलोय?"

लेकही भुकटीतच होती, पण औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. गोळीच्या यंत्रात जाण्याआधी भुकटी नीट वाहते की नाही, हे तपासायचं तिचं काम. अडखळत वाहणारी भुकटी साच्यात कमीजास्त पडते, आणि मग एका गोळीत औषध दुप्पट, दुसरीत नावाला. "तू भुकटीची परीक्षा घेतेस, मी तिची मनधरणी करतो," अप्पा म्हणायचे. "धंदा एकच."

चहा झाल्यावर त्यांनी पिशवीतून रुंद तोंडाची एक काचेची बरणी काढली. आत पांढरी भुकटी गळ्यापर्यंत भरलेली.

"नवा माल आलाय. जुन्यापेक्षा बारीक आणि स्वस्त. मॅनेजर खूश. पण मला हिचं लक्षण ठीक दिसत नाही. हे बघ."

त्यांनी अंगठा भुकटीत दाबला आणि काढून घेतला. ठसा तसाच राहिला, रेघांसकट. अंगठ्यावरच्या जुन्या जखमेची तिरकी खूणही उमटली.

"जुन्या भुकटीत बोट घातलं की खड्डा आपोआप भरून यायचा. ही बाई रुसून बसते."

"मॅनेजरला सांगितलंत?"

"सांगितलं ना. म्हणाला, अप्पा, पांढरी आहे, वजनाला बरोबर आहे, आणखी काय तिची मुलाखत घ्यायची?"

"मी घेते मुलाखत," लेक म्हणाली. "सकाळी बरोबर नेते."

"सांभाळून ने. ठसा मोडू नकोस, पुरावा आहे तो," अप्पा हसत म्हणाले. त्यांनी बरणीला काचेचं झाकण लावलं आणि हात धुवायला जाता जाता दिवा लावला. बटणावर पांढरं बोट उमटलं. आई पुन्हा ओरडली.

दुसऱ्या दिवशी बरणी लेकीच्या पिशवीतच होती, प्रयोगशाळेचं कुलूपही उघडलं नव्हतं, तेव्हा काकांचा फोन आला. काका म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्यात पोत्यांची तोंडं शिवायच्या यंत्रावर. एरवी बोलायला लागले की त्यांना थांबवावं लागे. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "ये."

सकाळीच सायलो अडला होता. फाटकाशी ट्रक उभे होते. कारखान्यात अशा वेळची एक जुनी वहिवाट होती. वरचं झाकण उघडायचं, आत उतरायचं आणि बांबूने ढोसून माल मोकळा करायचा. जुन्या भुकटीत ते खपून गेलं होतं. ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि मॅनेजर खालून हाका मारत होता. हातोडा मारून काही ऐकू येईल अशी ती सकाळ नव्हती. अप्पांनी झाकण उघडलं तर भुकटी हाताशीच दिसली, सपाट आणि घट्ट, अंगणासारखी. बांबू टेकवला तर पेलला. मग त्यांनी पाय ठेवला. अडण्याआधी खालचा माल झडपेतून निघून गेला होता, आणि ते अंगण म्हणजे पोकळीवर धरलेली नुसती कमान होती.

घरी आणलं तेव्हा त्यांच्या पापण्या पांढऱ्या होत्या. रोजच्यासारख्याच.

त्यानंतर लोकांशी बोलताना लेक "तो अपघात झाला तेव्हा" म्हणायची, "त्या दिवसापासून" म्हणायची. ऑफिसात रजा मागताना "घरची अडचण" म्हणाली. बाकी सगळे सहज बोलून जात ते दोन शब्दांचं वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. बरणी तिने कपाटात ठेवली. काचेच्या झाकणातून ठसा दिसायचा. भुकटी तपासायची तर ओतावी लागणार, आणि ओतली की ठसा गेला. दिव्याच्या बटणावरचं बोटही कुणी पुसलं नाही. आई तो दिवा लावायचंच टाळायची. संध्याकाळी खोली अंधारत जायची आणि दोघी तशाच बसून राहायच्या.

कारखान्यात चौकशी झाली. सायलो रिकामा केला, धुतला, त्याच बारीक भुकटीने पुन्हा भरला. आणि मग ठोके सुरू झाले.

आधी ते पोती भरणाऱ्या बायकांनी ऐकले. झडप उघडून माल काढायला लागलं की टाकीच्या पोटातून आवाज यायचा. धप् धप्. मग शांत. मग धप्. एकीने हातातलं पोतं टाकलं आणि ती बाहेर पळाली. काका धावत आले, कान लावून उभे राहिले आणि मटकन खाली बसले.

"दादा," ते म्हणाले. "दादाच आहे. दार असंच वाजवतो तो."

मग काय विचारता. शेजारच्या कारखान्यांतून माणसं जेवणाच्या सुट्टीत येऊ लागली. माना वर करून ती त्या पोलादी टाकीकडे बघत उभी राहायची आणि ठोका पडला की सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटायचा. एका ड्रायव्हरने सायलोला पाठ टेकली आणि त्याची कंबर दुखायची थांबली, अशी बातमी झाली. त्याची कंबर मुळात दुखत होती का, हे कुणी विचारलं नाही. कुणी चिमूटभर भुकटी पुडीत बांधून नेली आणि आजारी माणसाच्या उशाशी ठेवली. माणूस बरा झाला. डॉक्टरांची औषधंही चालू होती, पण त्यांची पुडी तेवढी पांढरी नव्हती.

कामगार सायलोजवळ जायला तयार होईनात, तेव्हा मॅनेजरने तोडगा काढला. भुकटी तपासायचं यंत्र त्याला महाग वाटलं होतं. नादबाबा मात्र परवडले.

नादबाबा पांढरी कफनी घालायचे आणि गळ्यात डॉक्टरांची नळी अडकवायचे. नळीचं एक टोक सायलोला लावून, डोळे मिटून ते बराच वेळ ऐकत आणि मग बोलत.

"सगळं विश्व म्हणजे काय? कंपन. तुम्ही, मी, हे मॅनेजरसाहेब, सगळी कंपनं. माणूस जातो, कंपन मागे राहतं. मोबाइल बंद केला म्हणून नंबर बंद होतो का?"

"नाही होत," गर्दी म्हणायची.

"मग? यांचा नंबर अजून चालू आहे."

दर शनिवारी दुपारी ते सायलोच्या तोंडाला खेटून टेबल मांडून बसत. टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारी चादर, मेणबत्त्या आणि शेजारी डोळे मिटलेला एक शिष्य.

"अप्पा, समाधानी आहात?"

धप्.

"घरच्यांची आठवण येते?"

धप् धप्.

"कुणावर राग आहे?"

शांतता.

"बघा," नादबाबा गर्दीकडे वळून म्हणायचे. "राग नाही. मॅनेजरसाहेबांवरसुद्धा नाही."

आई एकही शनिवार चुकवत नसे. सगळे प्रश्न संपले की ती हळूच विचारायची, "जेवलात का?" ठोका पडायचा. मग ती घरी येऊन जेवायची. एरवी ताटाशी नुसती बसायची.

एका शनिवारी लेक तिच्याबरोबर गेली. जाताना तिने ठरवलं होतं की आपण फक्त बघायचं. पण पहिले दोन ठोके पडले, मधली ती ओळखीची शांतता आली, तिसरा पडला, आणि तिचा उजवा हात आपसूक उचलला गेला, कडी काढायला. समोर दार नव्हतं. तिने हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला.

मग तिला ती मूठ दिसली. त्या शेडमध्ये सगळ्यावर पांढरा थर होता, जिन्यावर, खांबांवर, दिव्यांवर, लोकांच्या भुवयांवर. पण चादरीच्या कडेखालून डोकावणारी झडपेची लोखंडी मूठ काळी आणि चकचकीत होती. शिष्याच्या उजव्या बुटाचं टोकही तसंच घासलेलं. नादबाबांनी विचारलं, "शांत आहात?" आणि बुटाचं टोक चादरीखाली सरकलं.

कसं होत असेल ते तिला तिथेच कळलं. शिष्य पायाने झडप किंचित उघडतो, थोडी भुकटी खालच्या बंद नळात जाते, वरचा सगळा ढीग घसरतो आणि भिंतींना चिकटून थांबतो, पुन्हा घसरतो, पुन्हा थांबतो. टनावारी ओझं असं झटक्याने थांबलं की पोलाद वाजणारच. "हो" हवं असेल तेव्हा झडप उघडायची, "नाही" हवं असेल तेव्हा पाय आवरून बसायचं.

तिला सगळं कळलं, आणि तरी ती पुढच्या ठोक्याची वाट बघत उभी राहिली. शेजारी आई हसत होती. किती तरी दिवसांनी हसत होती.

पुढच्या आठवड्यात हवा दमट होती आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांमुळे कारखाना बंद राहिला. शनिवारी नादबाबांनी प्रश्न विचारला. ठोका आला नाही. पुन्हा विचारला. शिष्याचं कपाळ घामाने चमकायला लागलं. सायलो गप्प. आई घरी आली आणि उपाशी झोपली.

दोन दिवसांनी काका आले. चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले, "दादा रुसलाय, वहिनी. नादबाबा म्हणतात, रक्ताच्या माणसानं आत उतरून भुकटीवर हात ठेवायला पाहिजे. शनिवारी मी उतरतोय."

"खाली माल येतोय का?" लेकीने विचारलं.

"कुठला? झडप पूर्ण उघडली तरी कण नाही. मॅनेजर तर म्हणतो, एका कामात दोन कामं होतील. तूही उतरशील आणि मालही मोकळा होईल."

"आणि वर?"

"शिष्य झाकण उघडून बघून आला. म्हणे अंगणासारखं घट्ट आहे, नाचलं तरी चालेल."

ठोके येत होते तोवर भुकटी निदान सरकत तरी होती. ठोके थांबले याचा अर्थ कमान पुन्हा धरली होती. तेच अंगण, खाली तीच पोकळी.

"काका, उतरू नका. अप्पांच्या वेळी हेच झालं होतं. आत पोकळ आहे."

"तुला कसं कळलं? तू काय आत जाऊन आलीस?" काका चिडले नव्हते, थकले होते. "तू शिकलेली आहेस, तुझं तुझ्यापाशी. भाऊ बोलावतोय आणि मी घरात बसून चहा पिऊ?"

"आई, तू तरी सांग त्यांना."

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "जाऊ दे त्यांना. मला ऐकायचंय."

लेकीने मॅनेजरला फोन केला आणि सायलोतली मूठभर भुकटी तपासायला मागितली. तो म्हणाला, मालाचा नमुना बाहेर देता येत नाही, नियम आहे. तिने चौकशी करणाऱ्या सरकारी कचेरीतही फोन केला. तिथे तिचं म्हणणं नीट लिहून घेतलं आणि सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले. शनिवार सोमवारच्या आधी येतो.

शनिवारी ती प्रयोगशाळेतली हातभर लांब पारदर्शक नळी घेऊन कारखान्यात आली. काखेत बरणी होती.

शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. काका शिडीच्या पायथ्याशी उभे होते, नवा शर्ट घालून. कमरेला दोर नव्हता. दोर म्हणजे अविश्वास, असं नादबाबा म्हणाले होते.

"काका," लेक म्हणाली, "वर जायच्या आधी माझं एक काम करा. ही नळी धरा."

"आत्ता?"

"माझ्या लहानपणी पतंगाची फिरकी धरायचात की नाही? तशीच धरा. सरळ."

काकांनी नळी धरली. सवयीचा परिणाम असेल, पुतणीने काही धर म्हटलं की ते धरत आले होते.

"ताई, हा श्रद्धेचा विषय आहे," नादबाबा म्हणाले. "इथे नळ्यांचं काय काम?"

"तुमच्याही गळ्यात नळीच आहे," लेक म्हणाली. पोती भरणाऱ्या बायकांतली एक फिसकन हसली.

लेकीने बरणी जमिनीवर ठेवली आणि झाकण काढलं. ठसा तसाच होता, रेघा, तिरकी खूण, सगळं. आपला अंगठा त्यात टेकवून बघावा असं तिला क्षणभर वाटलं. तिने टेकवला नाही. बरणी उचलली आणि नळीत ओतली. भुकटी सहज येईना, ठोकावं लागलं. आधी ठशाची एक कड मोडली, मग सगळाच ढासळला.

"ही याच सायलोतली भुकटी," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून स्थिर होता. "अप्पांनी आदल्या संध्याकाळी घरी आणलेली. आता सगळ्यांनी गप्प बसा आणि ऐका."

तिने नळीच्या तळाचं बूच किंचित सरकवलं. भुकटी थोडी निसटली आणि वरचा पांढरा खांब घसरला, थांबला, घसरला, थांबला. प्रत्येक वेळी काकांच्या हातात नळी थरथरली आणि वाजली. टप् टप्. टप्.

आई गर्दीतून पुढे आली. "हे तर त्यांचंच," ती म्हणाली.

"पुन्हा ऐक, आई."

टप्. टप् टप् टप्. बराच वेळ काही नाही. टप् टप्. टप्.

"किती वाजले?" लेकीने विचारलं. कुणी चार म्हणालं, कुणी सहा. आई म्हणाली, "दोन आणि एक."

"दोन आणि एकही वाजले. पण आधी एक वाजला, मग तीन वाजले. ते आपण सोडून दिले. मीही सोडले." ती आईकडे बघत होती. "आपल्याला जे ऐकायचं होतं तेवढं आपण ठेवून घेतलं. या नळीत कुणी नाही, आई. बरणीभर भुकटी आहे."

"अहो, नळी वेगळी आणि आत्मा वेगळा," नादबाबा म्हणाले. "विज्ञान जिथं थकतं तिथून आमचं कंपन..."

"मग ही चादर उचला, म्हणजे कंपन मोकळं होईल."

शिष्य उठून उभा राहिला, आणि तिथेच चुकला. त्याच्या पायाबरोबर चादर ओढली गेली. झडपेची चकचकीत मूठ सगळ्यांना दिसली आणि मूठ ते बूट हे अंतरही. मग ती मघाशी हसलेली बाई म्हणाली, "अगं बाई, आणि मी माझ्या लेकीच्या लग्नाचं विचारलं होतं. म्हणजे याच्या बुटानं होकार दिला?"

हशा पिकला. पण काका हसत नव्हते.

"ठोके समजले," ते म्हणाले. "पण आता तर सगळं बंदच आहे. मग मी उतरलो तर काय बिघडतं?"

लेकीने बूच बंद केलं, उरलेली भुकटी नळीत पुन्हा भरली, वरून दांडीने दाबली आणि नळी जमिनीवर आपटून आपटून बसवली. "सुट्टीत टाकीतली भुकटी स्वतःच्याच ओझ्यानं अशी दबते. आता बघा."

नळी पुन्हा काकांच्या हातात देऊन तिने बूच पूर्ण काढलं. तळाची ओंजळभर भुकटी पडली आणि बाकीची नळीत लटकून राहिली. खालून पोकळी दिसत होती, वरून सपाट, घट्ट अंगण. लेकीने खिशातून एक छोटी लोखंडी चावी काढली आणि त्या अंगणावर ठेवली. चावी पेलली गेली.

"हे तुम्ही," ती काकांना म्हणाली. "आता जरा हलवा."

काकांनी नळी हलवलीही नाही. त्यांचा हातच थरथरला. कमान ढासळली, सगळं एकदम खाली आलं आणि चावी दिसेनाशी झाली. जमिनीवर पांढरा ढीग झाला, त्याच्यावर धुरळा उठला, आणि त्यात चावी कुठे आहे हे कुणाला सांगता येईना.

काका ढिगाकडे बघत राहिले. मग त्यांनी नळी हळूच खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "दादा असाच..." ते म्हणाले. "माझ्या दादाला असंच झालं."

लेक मॅनेजरकडे वळली. तो टेबलामागे उभा राहून मेणबत्तीचं मेण नखाने खरवडत होता.

"मूठभर भुकटी," ती म्हणाली. "माल उतरवायच्या आधी मूठभर भुकटी तपासायची होती. दाबली तर किती घट्ट बसते, पोलादाला किती चिकटते, एवढ्याशा तोंडातून वाहते की कमान धरते. एका दुपारचं काम आहे. अप्पांनी नुसत्या अंगठ्यानं ओळखलं होतं की हिला विचारायला पाहिजे. पांढरी आहे आणि वजनाला बरोबर आहे, एवढ्यावर तुम्ही माणूस आत उतरवलात."

मग गर्दीला म्हणाली, "तुम्ही सगळे कुठं ना कुठं भुकटीतच काम करता. सिमेंट असेल, बाळाचं दूध असेल, आग विझवायच्या नळकांड्यातली पावडर असेल. ती पाण्यासारखी दिसते आणि दगडासारखी वागते, कधी काय करेल हे नुसतं बघून कळत नाही. अडली तर करणी म्हणू नका, वाजली तर आत्मा म्हणू नका. आधी तपासा. आणि तपासल्याशिवाय कुणी आत उतर म्हणालं, तर तो कफनीवाला असो की टायवाला, नाही म्हणा."

नादबाबा केव्हा निघून गेले ते कुणी पाहिलं नाही. डॉक्टरांची नळी टेबलावरच राहिली होती.

काकांनी सगळ्यांना फाटकापर्यंत मागे हटवलं आणि सायलोला बाहेरून बसवलेली हादरे देणारी मोटर लांबूनच चालू केली. ती मोटर तिथे पहिल्यापासून होती. वायर तुटली म्हणून कुणी वापरत नव्हतं; ती काकांनी आत्ता जोडली. अप्पा आत उतरले त्या सकाळीही त्यांनी जोडली असती, कुणी सांगितलं असतं तर. थोडा वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग सायलोच्या आत काहीतरी प्रचंड कोसळलं, जमीन हादरली आणि वरच्या उघड्या झाकणातून पांढरा लोट आभाळात गेला. जिथे काका उभे राहणार होते, तिथून.

भुकटी सगळ्यांच्या अंगावर हलके हलके उतरत होती. काकांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, आईचे केस पांढरे झाले.

मोटर बंद केली. झडपेतून माल वाहू लागला. आणि सायलोतून आवाज आला. धप् धप्. मग शांतता.

लेकीला आता सगळं ठाऊक होतं. आत काय घसरतंय, काय थांबतंय, पोलाद का वाजतंय. तरी त्या शांततेत तिने श्वास रोखला, आणि तिचा हात उचलला गेला.

धप्.

आईने तिचा उचललेला हात धरला. तिच्या पापण्यांवर भुकटी होती.

"मग मी इतके दिवस कुणाला विचारत होते," आई म्हणाली, "जेवलात का म्हणून?"

लेकीने आईच्याच पदराच्या टोकाने तिच्या पापण्या पुसल्या, आधी एक, मग दुसरी. भुकटी ओली होऊन बोटाला चिकटली.

"आई," ती म्हणाली, "अप्पा गेले."